न्यूझीलंडमधील ट्राउट: बाहेरून आणलेला मासा कायद्याने का राखला जातो?

प्रश्न – टायरीकाठ

सर्वांना नमस्कार. मी न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, ओटागो भागात राहतो आणि सुटीच्या दिवशी इथल्या एका ओढ्याच्या काठी स्थानिक झाडे लावणाऱ्या गटाबरोबर काम करतो. हा ओढा पुढे टायरी नदीला मिळतो. एका कच्च्या रस्त्याखाली त्याच्यावर जुनी मोरी आहे आणि तिच्या नळाचे खालचे तोंड पाण्याच्या पातळीपासून बरेच वर लटकलेले असल्यामुळे खालचे मासे वर जाऊ शकत नाहीत. माशांची वाट मोकळी व्हावी म्हणून ही मोरी बदलावी, असा प्रस्ताव गटापुढे आला आहे. त्याला आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी ठाम विरोध केला. त्यांचे म्हणणे असे, की मोरी बदलली तर खालचा ब्राउन ट्राउट वर चढेल आणि वरच्या अंगाला गॅलॅक्सियस नावाचे जे छोटे स्थानिक मासे तग धरून आहेत ते काही वर्षांत नाहीसे होतील.

त्यांनीच आम्हाला एका रात्री विजेऱ्या घेऊन मोरीच्या वर नेले. घोटाभर पाण्यात, दगडाच्या आडोशाला, बोटापेक्षा जरासा लांब मासा प्रवाहाकडे तोंड करून स्थिर उभा होता. पांढऱ्या ट्रेमध्ये थोडे पाणी घेऊन त्याला क्षणभर त्यात ठेवले, तेव्हा दिसले की त्याच्या अंगावर एकही खवला नाही. कातडी ओल्या गारगोटीसारखी गुळगुळीत होती, तपकिरी रंगावर सोनेरी चट्टे होते आणि पाठीवरचा पर पार मागे, शेपटीजवळ होता. असा मासा जगात दुसरीकडे कुठेही नाही आणि तो आमच्या गावाच्या ओढ्यात आहे, हे कळल्यापासून हा विषय मला स्वस्थ बसू देत नाही.

माझा गोंधळ असा आहे. या देशात विमानतळावर उतरताना बुटांना लागलेला चिखलसुद्धा तपासला जातो. उंदीर, स्टोट आणि पॉसम हे बाहेरून आलेले प्राणी 2050पर्यंत देशातून संपवायचे, असे सरकारने 2016मध्ये जाहीर केले. त्याच देशात ट्राउट पकडण्यासाठी परवाना लागतो, हंगाम ठरलेला असतो, किती मासे घ्यायचे यावर मर्यादा असते आणि तो विकण्यास बंदी आहे. म्हणजे बाहेरून आणलेल्या माशाला कायद्याचे छत्र आहे. याची संगती कशी लावायची? ट्राउटमुळे नेमके काय बिघडते, तो काढून टाकता येतो का, आणि आमच्या मोरीचे काय करावे, यावर जाणकारांनी कृपया लिहावे.

उत्तर 1 – पाणथळ

आपला प्रश्न फार महत्त्वाचा आहे. मी क्राइस्टचर्चमध्ये राहते आणि गोड्या पाण्यातील जीवसृष्टी हाच माझा अभ्यासाचा विषय आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

ट्राउट इथे आला तो मागच्या दाराने नव्हे, तर मोठ्या खटाटोपाने. इंग्लंडहून निघालेल्या वसाहतकारांना नव्या देशातील नद्या रिकाम्या वाटत होत्या, कारण त्यांच्या ओळखीचा एकही मासा तिथे नव्हता. अंडी विषुववृत्त ओलांडून जिवंत आणणे हीच मुख्य अडचण होती आणि आधीचे प्रयत्न फसले होते. अखेर जेम्स यूल यांच्या पद्धतीने, ओल्या शेवाळात आणि बर्फात बांधून, 1864मध्ये नॉरफोक नावाच्या जहाजातून अंडी ऑस्ट्रेलियात पोहोचली आणि पुढे टास्मानियात प्लेन्टी नदीकाठच्या हौदांत उबवली गेली. खरे लक्ष्य सामन हा मासा होता. ट्राउटची थोडी अंडी सोबत दिली होती. सामनने तिथे मूळ धरले नाही, ट्राउटने मात्र धरले. त्याच साठ्यातून 1867मध्ये ब्राउन ट्राउट न्यूझीलंडला आला. रेनबो ट्राउट 1883मध्ये कॅलिफोर्नियाहून आला. परदेशी प्राणी रुजवण्यासाठीच स्थापन झालेल्या संस्था त्या काळी गावोगावी होत्या आणि त्यांनी नदीनदीत पिल्ले सोडली. काही नद्यांत तर ट्राउट समुद्रमार्गे आपणहून पोहोचला. ब्रिटिशांनी याच हौसेने निलगिरी आणि काश्मीरमध्येही ट्राउट नेला होता.

आता नुकसानीबद्दल. न्यूझीलंडमध्ये गोड्या पाण्यातील स्थानिक माशांच्या जाती जेमतेम पन्नासच्या आसपास आहेत आणि त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आज धोक्यात किंवा धोक्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्याला केवळ ट्राउट जबाबदार नाही. जंगलतोड, पाणथळ जमिनी बुजवणे, दुग्धव्यवसायातून येणारे सांडपाणी आणि सिंचनासाठी उपसलेले पाणी यांचा वाटा मोठा आहे. पण आपल्याच टायरीच्या खोऱ्यात ओटागो विद्यापीठातील कॉलिन टाउनसेंड आणि टॉड क्रोल यांनी केलेला अभ्यास, जो 1991मध्ये प्रसिद्ध झाला, या बाबतीत निर्णायक मानला जातो. त्यांना असे आढळले, की जिथे ट्राउट आहे तिथे गॅलॅक्सियस बहुतेक नाही आणि जिथे गॅलॅक्सियस आहे तिथे खालच्या अंगाला बहुधा ट्राउटला न चढता येणारा मोठा धबधबा आहे. एके काळी सलग पसरलेली जात अशा रीतीने धबधब्यांच्या वर तुकड्यातुकड्यांत उरली आहे. एल्डन्स गॅलॅक्सियस आणि डस्की गॅलॅक्सियस या तर केवळ ओटागोतच सापडणाऱ्या जाती आहेत. त्या समुद्राकडे जात नाहीत, सारे आयुष्य त्याच ओढ्यांत काढतात. एका ओढ्यातून त्या गेल्या, तर दुसरीकडून आपोआप परत येण्याचा मार्ग नसतो.

यापुढचा भाग मला सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो. ट्राउट डोळ्यांनी शिकार करतो, म्हणून तो प्रामुख्याने दिवसा खातो. ज्या ओढ्यांत केवळ गॅलॅक्सियस आहेत तिथे मेफ्लाय या किड्याच्या पाण्यात राहणाऱ्या अळ्या दिवसरात्र दगडांवर फिरून शेवाळ खात असतात. ज्या ओढ्यांत ट्राउट आहे तिथे त्याच अळ्या दिवसभर दगडांखाली दडून राहतात आणि रात्रीच वर येतात. त्यामुळे दगडांवरचे शेवाळ कमी खाल्ले जाते आणि ते वाढते. ओटागोतील ओढ्यांवरच्या प्रयोगांनी हे दाखवले आहे. ट्राउट असलेल्या एका ओढ्यात असेही दिसले, की वर्षभरात तयार होणारे किडे आणि अळ्या जवळजवळ सगळ्याच ट्राउट फस्त करतो. म्हणजे एक मासा आला आणि दुसरा गेला, एवढ्यावर हे थांबत नाही. पाण्याखालच्या दगडावर किती शेवाळ साठेल, इथपर्यंत त्याचा परिणाम पोहोचतो.

इथल्या स्थानिक माशांत नामशेष झालेलाही एक आहे. इथले मूळ रहिवासी माओरी लोक त्याला उपोकोरोरो म्हणत आणि इंग्रज वसाहतकार ग्रेलिंग म्हणत. एके काळी तो नद्यांतून थव्याथव्याने वर येई. 1920च्या दशकानंतर त्याची खात्रीलायक नोंद नाही आणि त्याला कायद्याचे पूर्ण संरक्षण मिळाले ते 1951मध्ये. त्याच्या नाशात ट्राउटचा वाटा नेमका किती आणि जंगलतोडीचा किती, यावर अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत. परंतु संरक्षणाचा कायदा मासा संपल्यावर आला, याविषयी मतभेद नाहीत, आणि आपल्या ओढ्याचा निर्णय घेताना ही गोष्ट समोर ठेवावी, अशी माझी विनंती आहे.

उत्तर 2 – गळकरी

मी उत्तर बेटावर टाउपो सरोवराच्या परिसरात राहतो आणि बरीच वर्षे गळाने ट्राउट पकडतो. पाणथळ यांनी लिहिलेल्या शास्त्रीय भागाशी मी सहमत आहे. मात्र कायद्यामागचे कारण समजून घेतल्याशिवाय ट्राउटबद्दल मत बनवू नये, म्हणून लिहितो.

इंग्लंडमध्ये नदीतील मासेमारीचा हक्क काठच्या जमीनदाराकडे असे आणि सामान्य माणसाला तिथे गळ टाकता येत नसे. तशी व्यवस्था इथे येऊ द्यायची नाही, या निर्धाराने इथला नियम घडला. मासेमारीचा हक्क विकता येत नाही आणि ट्राउट हा मासाही विकता येत नाही. ट्राउटची शेती करण्यासही बंदी आहे. त्यामुळे ट्राउट खायचा असेल तर परवाना काढून स्वतः पकडावा लागतो किंवा कुणीतरी प्रेमाने द्यावा लागतो. विक्रीच नसल्यामुळे चोरट्या मासेमारीला बाजार मिळत नाही. सुतारकाम करणारा आणि शल्यचिकित्सक एकाच डोहावर शेजारी शेजारी उभे असलेले मी नेहमी पाहतो, आणि ही समानता मला मोलाची वाटते.

दुसरी गोष्ट नद्यांची. गळकऱ्यांच्या परवाना शुल्कावर चालणाऱ्या फिश अँड गेम परिषदा 1990मध्ये, परदेशी प्राणी रुजवणाऱ्या ज्या जुन्या संस्थांबद्दल पाणथळ यांनी लिहिले आहे, त्यांच्या जागी आल्या. वाहत्या नद्या जशा आहेत तशा राखण्याचे आदेश काढण्याची तरतूद 1981मध्ये कायद्यात झाली. तिच्याखाली पहिला आदेश 1984मध्ये मोटू नदीला मिळाला, पुढे 1988मध्ये राकाइया आणि 1997मध्ये मताउरा. यांतील अनेक लढ्यांत गळकऱ्यांच्या संघटना आघाडीवर होत्या. दुग्धव्यवसायाच्या सांडपाण्याने ओढे घाण होत आहेत, हे या शतकाच्या सुरुवातीला देशभर मोहीम काढून मांडले ते फिश अँड गेमनेच. 1991च्या नैसर्गिक साधनसंपत्तीविषयक कायद्याच्या सातव्या कलमात ट्राउट आणि सामन यांच्या अधिवासाचे रक्षण हा मुद्दा लिहिला गेला आणि त्याच्या आधाराने वकिलांनी न्यायालयात नदीत पाणी राखून घेतले. त्या पाण्यात स्थानिक मासेही जगले. कायद्यातून ट्राउटचे नाव उद्या पुसून टाकले, तर त्या जागी स्थानिक माशाचे नाव तितक्याच ताकदीने येईल, याची खात्री आज कोण देईल?

तरीही माझ्या भागातील इतिहास लपवण्यासारखा नाही. टाउपो सरोवरात पूर्वी कोआरो हा स्थानिक मासा मुबलक होता आणि न्गाती तूफारेतोआ या माओरी जमातीचे ते मुख्य अन्न होते. ट्राउट सोडल्यावर त्याने कोआरो इतका खाल्ला, की पुढे ट्राउटलाच खायला उरले नाही आणि मासे रोडावले. मग ट्राउटला खाद्य मिळावे म्हणून 1930च्या दशकात स्मेल्ट हा छोटा मासा सरोवरात सोडण्यात आला. सरोवराचा तळ 1926च्या कायद्याने सरकारकडे गेला, तो 1992मध्ये जमातीकडे परत आला; कोआरो मात्र पूर्वीसारखा परत आला नाही. आमच्या इथे आलेल्या पाहुण्यांना मी मासेमारीबरोबर हेही सांगतो, कारण ज्या माशाच्या मागे आपण आनंदाने उभे राहतो त्याची किंमत कुणी मोजली, हे माहीत असायला हवे.

माझे मत स्पष्ट आहे. टोंगारिरो, मताउरा अशा मोठ्या नद्यांत ट्राउट दीडशे वर्षांच्या घरात रुळलेला आहे आणि तिथे तो राहावा. पण जिथे तो आज नाही, अशा एकाही ओढ्यात तो नव्याने जाऊ नये. आपल्या मोरीच्या वर दोन-चार छोटे ट्राउट मिळाले, म्हणून कोणत्याही गळकऱ्याचे भले होणार नाही. तेवढ्याशा ओढ्यात मासा मोठा होतच नाही.

उत्तर 3 – भीमाकाठ

मी इंदापूर तालुक्यातला आहे आणि आमच्या घरातील काही जण उजनी जलाशयावर मासेमारी करतात. आपली चर्चा वाचून आमच्या चिलापीची आठवण झाली. तो मूळचा आफ्रिकेतला मासा. भारतात 1952मध्ये आणला गेला. आज उजनीच्या काठी जाळे उपसले की त्यात सर्वाधिक भरणा चिलापीचाच असतो. मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्ले वाचण्याचे प्रमाण मोठे असते आणि एकदा तो शिरला की आटोक्यात येत नाही. आमच्याकडे त्यावर शेकडो कुटुंबांची चूल पेटते, म्हणून तो काढून टाका असे कुणी म्हणणार नाही; पण भीमेतील जुन्या जाती जाळ्यात दिसेनाशा झाल्याचे वडीलधारी माणसे सांगतात.

मला विचारायचे आहे, की तुमच्या देशात खरोखरच एखाद्या ओढ्यातून ट्राउट पूर्णपणे काढता येतो का? आमच्यासारख्या मोठ्या जलाशयात ते कल्पनेपलीकडचे वाटते.

उत्तर 4 – पाणथळ

भीमाकाठ, तुमचे म्हणणे बरोबर आहे. मोठ्या जलाशयात किंवा मोठ्या नदीत हे जवळजवळ अशक्य असते. लहान ओढ्यात मात्र शक्य आहे आणि काही ठिकाणी संवर्धन विभागाने ते केलेही आहे. पाठीवर बॅटरी घेऊन पाण्यात सौम्य विद्युतप्रवाह सोडतात, मासे काही क्षण बधिर होतात, तेवढ्यात जाळीने ट्राउट वेचतात आणि स्थानिक मासे पुन्हा पाण्यात सोडतात. हे अनेकदा करावे लागते, कारण दगडांखालची पिल्ले सुटतात. दुसरा मार्ग रोटेनोन या वनस्पतिजन्य औषधाचा. वेलिंग्टनच्या झीलँडिया अभयारण्यातील तलावातून 2021मध्ये पर्च हा परका मासा याच पद्धतीने काढण्यात आला. पण ते औषध कल्ल्यांनी श्वास घेणाऱ्या सगळ्यांनाच मारते, म्हणून स्थानिक मासे आधी पकडून सुरक्षित ठेवावे लागतात. दोन्ही पद्धतींत एक अट समान आहे: खालून ट्राउट पुन्हा चढणार नाही असा अडसर आधी हवा. अडसर नसेल तर सगळी मेहनत एका पुरात वाहून जाते.

म्हणूनच, टायरीकाठ, आपल्या मोरीकडे पुन्हा पाहा. न्यूझीलंडमध्ये मोऱ्यांखालची वाट मोकळी करण्यावर जो भर दिला जातो, त्याचे कारण इथल्या अनेक स्थानिक माशांचे आयुष्य समुद्र आणि ओढा या दोहोंत विभागलेले असते. इनांगा, कोआरो आणि कोकोपूच्या तीन जाती, अशा पाच जातींची पिल्ले वसंतात समुद्रातून वर येतात. हीच पिल्ले लोक व्हाइटबेट म्हणून पकडतात आणि अंड्यात घोळून तळतात. त्या पाचांपैकी चार जाती आज धोक्यात किंवा घटत्या संख्येच्या आहेत. लटकलेली मोरी त्यांचा मार्ग अडवते, म्हणून ती बदलणे बहुतेक ओढ्यांत योग्यच ठरते. पण आपल्या ओढ्यात वर राहणारे मासे समुद्राला न जाणारे आहेत. त्यांना वाट नको आहे, आडोसा हवा आहे, आणि तो आडोसा त्या मोरीने कुणी न ठरवताही दिला आहे.

कायदाही आपल्या बाजूने आहे. गोड्या पाण्याविषयीच्या 2020च्या राष्ट्रीय धोरणात नववे सूत्र स्थानिक जातींच्या अधिवासाचे रक्षण सांगते आणि दहावे सूत्र ट्राउट व सामनच्या अधिवासाचे. परंतु दहावे सूत्र नवव्याशी सुसंगत असेल तेवढेच लागू होते, असे त्यातच लिहिलेले आहे. म्हणजे संघर्ष आला तर स्थानिक मासा आधी. शिवाय, जिथे ट्राउट आधीपासून नाही तिथे तो जिवंत नेऊन सोडण्यास मंत्र्यांची मंजुरी लागते. गळकरी यांनी जी भीती व्यक्त केली, ती मी समजू शकते, पण या ओढ्यावर आपण दोघे एकाच बाजूला आहोत आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे.

प्रत्यक्षात पुढीलप्रमाणे करावे, असे सुचवते. मोरीला हात लावण्याआधी प्रादेशिक परिषदेकडे आणि संवर्धन विभागाच्या स्थानिक कार्यालयाकडे आपल्या रात्रीच्या पाहणीची माहिती छायाचित्रांसह पाठवा आणि तज्ज्ञांकडून जात निश्चित करून घ्या. गॅलॅक्सियसच्या जाती एकमेकींसारख्या दिसतात, त्या केवळ डोळ्यांनी सांगू नयेत. न्यूझीलंड फ्रेशवॉटर फिश डेटाबेसमध्ये आपल्या ओढ्याच्या जुन्या नोंदी पाहा आणि आपली नोंदही त्यात जाईल असे पाहा, कारण नोंद नसलेल्या माशाचा विचार रस्त्याच्या अभियंत्याने करावा, ही अपेक्षा रास्त नाही. मोरीच्या खाली खोल डोह तयार झाला असेल, तर त्याकडे विशेष लक्ष द्या. ट्राउटला उडी घेण्यासाठी पाण्याची खोली लागते. डोह भरून तिथे उथळ, कठीण तळ केला, तर तीच उंची त्याला अधिक अवघड जाते. ईल आणि कोआरो ओल्या खडकाला चिकटून चढतात. कोआरोची पिल्ले तर बादलीच्या उभ्या बाजूने चढून बाहेर येतात, म्हणून आम्ही त्यांच्या बादलीवर झाकण ठेवतो. अशा चढणाऱ्या माशांसाठी वाट ठेवणे तज्ज्ञांना योग्य वाटले, तर शिंपले वाढवण्यासाठी वापरतात तसला केसाळ दोर नळातून खाली सोडता येतो. त्यावरून ते वर येतात, ट्राउटला ते जमत नाही.

टायरीकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मोरीच्या वर आणि खाली दोन्हीकडची पाहणी तज्ज्ञांबरोबर व्हावी आणि तोपर्यंत मोरी बदलण्याचा प्रस्ताव थांबवावा, असे पत्र मी गटाकडे दिले आहे. गळकरी यांचे उत्तर इंग्रजीत थोडक्यात सांगितल्यावर गटातील एका गळकऱ्यानेच खालचा डोह बुजवण्यासाठी दगड आणून देण्याची तयारी दाखवली आहे. प्रादेशिक परिषदेची परवानगी आल्याशिवाय तो दगड पाण्यात टाकणार नाही, हेही आम्ही ठरवले आहे. जात निश्चित झाली की इथे कळवतो.